दुर्भिक्ष, जातिद्वेष आणि दंगा : एका उपपत्तीचें पुणें प्रांताच्या कागदपत्रांवरून परीक्षण

(१)

देशांत दंगा कां उद्भवतो, ह्या प्रश्नास इतिहासकारांनीं आजवर नाना प्रकारचीं उत्तरें दिलीं आहेत. राजसत्तेचा जुलूम, सरदारांची फितुरी, धर्माभिमान, सावकारीचा जाच हीं जुनीं उत्तरें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यांत एका नव्या उत्तराची भर पडली असून विद्वानांत व वृत्तपत्रांत त्याचा बोलबाला फार आहे. जमीन, पाणी व जंगल हीं जीवनाचीं साधनें लोकसंख्येच्या मानानें अपुरीं पडूं लागलीं, आणि त्याच प्रदेशांत भिन्न जातींचे, भाषांचे अथवा वंशांचे समाज एकमेकांशेजारीं नांदत असले, म्हणजे त्यांच्यांतील तेढ वाढत जाऊन अखेर तिचें पर्यवसान यादवींत होतें, असें हें उत्तर आहे. कॅनडांतील टोरांटो विद्यापीठांत काम केलेले टॉमस होमर-डिक्सन हे ह्या उपपत्तीचे प्रमुख पुरस्कर्ते होत. १९९१ पासून निबंध लिहून व १९९९ सालीं ‘पर्यावरण, टंचाई आणि हिंसा’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध करून त्यांनीं तिची मांडणी केली.

जुन्या दप्तरांच्या शोधांत आयुष्य वेंचणाऱ्या आमच्या वाचकांस ह्या नव्या वादाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, अमुक कारणामुळें अमुक घडलें हें विधान अस्सल कागदावांचून सिद्ध होत नाहीं. आणि ही उपपत्ति घासून पाहण्यास पुणें प्रांताच्या कागदपत्रांसारखी कसोटी क्वचितच मिळेल. दुसरेंही एक कारण आहे. ही उपपत्ति आतां ग्रंथांतच राहिलेली नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या वस्तींत नळ कोरडा पडला, किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत एखाद्या स्थानिक मुलास काम मिळालें नाहीं, कीं ‘बाहेरच्यांची गर्दी झाली म्हणून हें झालें’ हें वाक्य सहज उच्चारिलें जातें. होमर-डिक्सन ह्यांच्या ग्रंथाचा सारांशच ह्या वाक्यांत उतरलेला आहे. त्यांची सावधगिरी मात्र त्यांतून गळाली आहे. इतिहासाच्या नांवानें उद्यां कोणी हेंच वाक्य सिद्धांत म्हणून पुढें करील. तें होण्यापूर्वीं त्याचें परीक्षण होणें इष्ट आहे.

(२)

प्रतिपक्षाचें म्हणणें प्रथम यथार्थ मांडावें, हा टीकेचा धर्म आहे. होमर-डिक्सन टंचाईचे तीन प्रकार मानतात. साधनाचा ऱ्हास झाल्यामुळें येणारी ती पुरवठ्याची टंचाई. माणसें अगर दरमाणशी वापर वाढल्यामुळें येणारी ती मागणीची. आणि साधन पुरेसें असतांही त्याची वांटणी विषम असल्यामुळें कित्येकांच्या वांट्यास येणारी ती रचनेची. ह्या एकत्र आल्या म्हणजे दोन क्रिया घडतात. प्रबळ वर्ग उरलेलें साधन आपल्या ताब्यांत ओढतो, ही पहिली. दुर्बळ वर्ग निकृष्ट जमिनीकडे अगर परमुलखांत ढकलला जातो, ही दुसरी. परमुलखांत गेलेल्यांची तेथील जुन्या रहिवाशांशीं तेढ पडते व दंगा उसळतो. बांगलादेशांतून आसामांत आलेले शेतकरी आणि १९८३ सालीं तेथें झालेली कत्तल हें त्यांचें एक ठळक उदाहरण आहे. टंचाई हें एकटेंच कारण कधीं नसतें, राज्ययंत्राची दुर्बलता व समाजांतील जुन्या भेगा ह्यांच्या द्वारेंच ती कार्य करिते, हेंही त्यांनीं स्वच्छ सांगितलें आहे. त्यांच्या नांवावर खपणाऱ्या ढोबळ मतांचा दोष त्यांच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे.

ह्या उपपत्तीवर पूर्वीं टीका झालेली आहे. नॅन्सी पेलूसो व मायकेल वॉट्स ह्यांनीं २००१ सालीं संपादिलेल्या ग्रंथांत, साधन किती उरलें हें मोजण्याआधीं त्याच्यावर हक्क कोणाचा व तो कोणत्या सत्तेनें ठरविला हें पाहिलें पाहिजे, असा आक्षेप घेतला आहे. आमचा आक्षेप त्याच दिशेचा, पण कागद वाचणाराचा आहे. पाऊस न पडणें आणि पडलेल्या पावसाची वांटणी विषम होणें ह्या दोन गोष्टी ‘टंचाई’ ह्या एकाच शब्दाच्या पोटांत घातल्यानें मोठा घोटाळा होतो. पाऊस कोणी लिहून देत नाहीं. वांटणी मात्र कोणीतरी, केव्हांतरी, कोठेंतरी लिहिलेली असते. ती कागदावर असल्यामुळें तिचा कर्ता, काळ व हेतु शोधून काढतां येतो. सबब प्रत्येक दंग्याविषयीं आम्ही तीन प्रश्न विचारतों. वांटणी ठरविणारा कागद कोणता? तो कोणीं व कोठें लिहिला? आणि ज्यांच्यावर तो बंधनकारक झाला त्यांस तो वाचतां व खोडून काढतां येत होता काय?

(३)

ह्या उपपत्तीस हवे असलेले सर्व घटक एकत्र आलेले असें आमच्या प्रांतांतील प्रकरण म्हणजे १८७५ सालीं पुणें व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेले दंगे. प्रदेश पर्जन्यछायेचा, शेतकरी बहुतेक कुणबी, सावकार बव्हंशीं मारवाडी व गुजर, म्हणजे परमुलखांतून आलेले व घरीं परभाषा बोलणारे. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१–६५) कापसाचा भाव चढला तेव्हां कर्ज सहज मिळूं लागलें. यादवी संपतांच भाव कोसळला व सावकारांनीं हात आंखडला. त्यांतच १८६७ पासून नवी सारा-आकारणी सुरू होऊन सारा कोठें पन्नास तर कोठें शंभर टक्क्यांपर्यंत वाढला.

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील करडे येथें एका मारवाडी सावकारानें गांवच्या देशमुखाविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यास घराबाहेर काढण्याचा घाट घातला. गांवानें सावकारांवर बहिष्कार टाकिला. त्यांचीं शेतें कोणी करीना. न्हावी, परीट, पाणके त्यांच्या दारीं जाईनात. पुढें १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला. शहाजीराजांच्या जहागिरीमुळें आमच्या वाचकांस परिचित असलेलें सुपें तें हेंच. तेथून दंग्याचें लोण दोन्ही जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांस पोंचलें, आणि एकंदर ९५१ माणसें पकडलीं गेलीं.

दंगेखोरांनीं केलें काय, हें पाहण्यासारखें आहे. सुप्यास धान्याचीं दुकानें लुटलीं गेलीं व कांहीं सावकारांचीं घरें पेटविलीं गेलीं, हें खरें. परंतु ठिकठिकाणच्या हकीकती एकत्र वाचल्या म्हणजे त्यांतून एकच ठरीव रीत दिसते. जमाव सावकाराच्या दारीं जाई व रोखे, खतें, हुकूमनामे बाहेर काढावयास सांगे. ते मिळाले कीं फाडून अगर जाळून लोक परत फिरत. सावकारानें नकार दिला तरच दांडगाई होई. भुकेल्यास धान्य हवें असतें; कागद जाळून पोट भरत नाहीं. ह्या लोकांस जें नाहींसें करावयाचें होतें, तें त्यांच्या दृष्टीनें सावकाराच्या पेटींतच होतें.

कालक्रमही हेंच सांगतो. १८७५ चे दंगे महादुष्काळाच्या आधींचे आहेत. दुष्काळ पडला तो १८७६ ते १८७८ ह्या सालांत. त्या वेळीं माणसें मेलीं, गुरें मेलीं, हजारों कुटुंबें परागंदा झालीं, सरकारी कामांवर खडी फोडावयास गेलीं. धान्याच्या दुकानांवर हल्ले मुळींच झाले नाहींत असें नाहीं. वासुदेव बळवंत फडके ह्यांनीं तर त्या दुःखानेंच पेटून १८७९ सालीं शिरूर तालुक्यांतील धामारी येथें पहिला दरोडा घातला. परंतु गांवोगांवच्या शेतकऱ्यांनीं दिवसाढवळ्या जमून रोखे जाळण्याची लाट त्या अतिदुर्भिक्षांत पुन्हा उसळली नाहीं. टंचाई हें जर दंग्याचें कारण, तर टंचाई पराकोटीस पोंचली असतां दंगा शिगेस पोंचावयास हवा होता. तसें झालेलें दिसत नाहीं.

मग १८७५ पूर्वीं नवें असें काय घडलें होतें? घडलें होतें तें रोख्याच्या बाबतींत. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षांची ठरली. व्याज फार चढूं नये, हा कायदा करणारांचा हेतु. व्यवहारांत त्याचें फळ उलटें निघालें. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार कुळास बोलावून, थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून, नवा रोखा करून घेई. कुळास अक्षरओळख नाहीं. रोख्यांत काय लिहिलें तें वाचणारा सावकाराचाच माणूस. त्यावर कुळानें नांगराची निशाणी केली कीं दिवाणी न्यायालय त्या निशाणीपलीकडे पाहण्यास बांधलेलें नव्हतें. पूर्वीं वसुलीस गांवची भीड आड येई. आतां दूरच्या न्यायालयाचा हुकूम व बेलीफ हातांशीं आले.

जातिभेदाचा वांटा किती, हा प्रश्न राहतोच, आणि तो टाळणें अप्रामाणिकपणाचें होईल. जेथें ब्राह्मण व इतर जातींचे सावकारही धंदा करीत होते तेथें लोकांनीं त्यांस बहुधा हात लाविला नाहीं, मारवाडी तेवढा वेंचून काढिला, अशी चौकशी करणाऱ्या आयोगाची नोंद आहे. कर्ज तेंच, रोखा तोच, कायदाही तोच. मग निवड कां झाली? आम्हांस त्याचा उलगडा असा वाटतो. गांवचा ब्राह्मण सावकार कांहीं उदार नव्हता. परंतु वतन, शेजार व लोकलाज ह्यांनीं तो गांवाशीं बांधलेला होता. करड्याच्या बहिष्कारासारखें शस्त्र त्याच्यावर चालण्याजोगें होतें, आणि तें चालेल हें तोही जाणून होता. परमुलखांतल्या सावकाराचीं सोयरसंबंधाचीं माणसें दूर. गांवच्या भिडेपेक्षां न्यायालयाच्या हुकुमावर त्याची भिस्त अधिक. ह्यास्तव जात हें दंग्याचें मूळ नव्हे, राग कोणत्या दारावर जाऊन आदळावा हें ठरविणारें चिन्ह तेवढें होतें. मारवाडी व कुणबी एकाच गांवांत कित्येक वर्षें नांदत होते. भेद जुना, रोख्याचा जोर नवा. जुन्या गोष्टीवरून नवी घटना उलगडत नाहीं.

तथापि चिन्ह म्हणून कां होईना, ज्याच्या दारावर राग आदळला त्याचें घर जळलेंच. वेंचून काढिलेल्या त्या कुटुंबांची भीति खरी होती. रोख्याचा अन्याय दाखवितांना ह्या गोष्टीवर पांघरूण घालणारा इतिहास अर्धा समजावा.

(४)

ह्या प्रकरणाचें मुख्य साधन म्हणजे सरकारनें नेमिलेल्या आयोगाचा अहवाल. तो १८७८ सालीं विलायतेंत पार्लमेंटापुढें मांडला गेला. साधन मोठें आहे, पण तें कोणत्या प्रश्नाचें उत्तर म्हणून लिहिलें गेलें हें विसरतां कामा नये. सरकारी साऱ्याची वाढ दंग्यास कारण झाली काय, हा सरकारपुढें नाजूक प्रश्न होता. अहवालानें साऱ्यास बव्हंशीं निर्दोष ठरवून दोष सावकारावर व शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणावर ठेविला. सभासद ऑकलंड कॉल्व्हिन ह्यांनीं मात्र फेरआकारणीवर टीका करणारें वेगळें टिपण लिहिलें. ह्यावरून असें दिसतें कीं, दंग्याचा दोष परक्या जातीच्या सावकारावर ढकलणें हें त्या वेळच्या सत्तेस सोयीचें होतें. ‘जातिद्वेषानें दंगा झाला’ हें स्पष्टीकरण नेहमींच भोळें नसतें. त्याच्या आडून दुसऱ्या कोणाची तरी सुटका होते.

अलीकडच्या अभ्यासकांपैकीं रवींद्रकुमार ह्यांनीं १९६५ व १९६८ सालच्या लेखनांत, रयतवारी व नवीं न्यायालयें ह्यांमुळें कुणबी व वाणी ह्यांचें जुनें नातें कसें बदललें हें दाखविलें. नील चार्ल्सवर्थ ह्यांनीं १९७२ सालीं ‘दख्खनच्या दंग्यांचें मिथक’ अशा अर्थाच्या लेखांत उलट बाजू घेतली. दंगे थोड्या गांवांत, थोडे दिवस झाले व मागाहून त्यांचें माहात्म्य फुगविलें गेलें, असा त्यांचा मथितार्थ. गांवांची संख्या मोजण्याविषयीं त्यांनीं दिलेला इशारा आम्हांस मान्य आहे. परंतु दंग्याचें महत्त्व केवळ गांवांच्या संख्येनें ठरत नाहीं. त्यानें राज्यकर्त्यांस काय करावयास लाविलें हेंही पाहावें लागतें. १८७९ सालीं झालेला दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांस लागू झाला. त्यानें पाऊस पाडिला नाहीं कीं मारवाड्यांस हांकलून दिलें नाहीं. न्यायालयानें रोख्याच्या मागें जाऊन मूळ देवघेव तपासावी. शेतकऱ्याचे दस्तऐवज गांवच्या नोंदणी-कामगारासमक्ष व्हावे. दावा लावण्यापूर्वीं समेटाचा प्रयत्न व्हावा, असें त्यानें ठरविलें. म्हणजे सरकारनें उपाय केला तो कागदावर. सावकारांनीं पुढें गहाणाऐवजीं खरेदीखतें लिहून घेऊन त्यांतूनही वाट काढिली, ही गोष्ट वेगळी. रोगाचें नांव अहवालानें कांहींही सांगितलें असो, औषधावरून रोग ओळखतां येतो.

(५)

आतां ज्या पट्ट्याच्या निमित्तानें हा विषय निघाला तिकडे वळूं. पवना, इंद्रायणी व भामा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील ही भूमि. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाविरुद्ध लढविला. चिंचवड मोरया गोसाव्यांच्या समाधीमुळें प्रसिद्ध. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर कारखान्यांची रीघ लागली. १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत दहा लाखांच्या घरांत असलेली पिंपरी-चिंचवडची वस्ती २०११ सालीं सतरा लाखांवर गेली. मराठवाड्याच्या कोरड्या तालुक्यांतून, विदर्भांतून, उत्तरेकडील प्रांतांतून माणसें आलीं. लोकसंख्येची वाढ, परप्रांतीयांचें आगमन, पाण्यावरील ताण, हें सर्व येथें एकवटलें आहे. उपपत्ति खरी असेल तर तिची प्रचीति येथें यावी.

येथें दोन प्रकरणें तीन-साडेतीन वर्षांच्या अंतरानें घडलीं. फेब्रुवारी २००८ मध्यें महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनाच्या काळांत उत्तर भारतीयांवर ठिकठिकाणीं हल्ले झाले, आणि पुणें व नाशिक येथून हजारों मजूर गांवाकडे परतले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मुंबईस रेल्वेच्या नोकरभरतीच्या परीक्षेस आलेल्या उमेदवारांस मारहाण झाली. ह्यांत भाषेची व प्रांताची तेढ उघड होती. पण वाद नोकऱ्यांचा व भाषेच्या मानाचा होता, पाण्याचा नव्हता. दुसरें प्रकरण ९ ऑगस्ट २०११ चें. पवना धरणांतून पिंपरी-चिंचवडकरितां निगडीपर्यंत बंद नळानें पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनीं मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर बऊर येथें रस्ता रोखला. पोलिसांनीं गोळीबार केला. तीन शेतकरी मृत्यु पावले. येथें वाद निखळ पाण्याचा. पण शेतकरी मराठी, पोलीस मराठी, पाणी नेणारी महानगरपालिका मराठी, योजनेवर सही करणारेही मराठी. परप्रांतीयाचा तेथें संबंधच नव्हता.

म्हणजे एकाच पट्ट्याच्या अनुभवांत एकदां तेढ दिसते पण पर्यावरणाची टंचाई दिसत नाहीं. दुसऱ्यांदां पाण्याचा झगडा दिसतो पण तेढ दिसत नाहीं. दोहोंचा जो अपरिहार्य संबंध उपपत्ति गृहीत धरते, तो येथें तुटलेला आहे. आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. १८७५ चा दंगा जिल्ह्याच्या अवर्षणग्रस्त पूर्व भागांत झाला. २०११ चें रक्त जिल्ह्याच्या सर्वांत पावसाळी पश्चिम भागांत सांडलें. मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांनीं टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं सुरू केलेला सत्याग्रहही त्याच पावसाळी मावळांतला. पांडुरंग महादेव तथा सेनापति बापट व विनायकराव भुस्कुटे ह्यांनीं चालविलेल्या त्या लढ्याचा इतिहास राजेंद्र व्होरा ह्यांनीं २००९ सालीं विस्तारानें लिहिला आहे. जमीन कसणारे मुळशींत आणि तिच्या खतांचे धनी असलेले कित्येक सावकार पुण्यांत, अशी तेथील स्थिति होती. लढा कोणासाठीं व नुकसानभरपाई कोणासाठीं ह्यावरून पडलेली फूटही त्या खतांतूनच निघाली. जेथें आभाळ भरभरून देतें तेथेंही झगडा होतो, तर झगड्याचा उगम आभाळांत शोधणें व्यर्थ आहे.

पवनेचा कागद कोणता, हेंही पाहूं. धरण १९७२ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून धरणाचें पाणी नदीपात्रांत सोडून रावेत बंधाऱ्यापाशीं शहराकरितां उचललें जाई. मधल्या गांवांस तें वाहतें पाणी वापरतां येई. बंद नळानें पाण्याची गळती व दूषितपणा टळेल, हें महानगरपालिकेचें म्हणणें निराधार नव्हतें. पण पाणी नळांत गेलें म्हणजे नदीवरचा आपला वहिवाटीचा हक्क कोणीही न खोडतां खोडला जाईल, ही शेतकऱ्यांची भीतीही निराधार नव्हती. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकें रेंगाळलेला त्यांनीं पाहिला होता. राज्याच्या २००३ च्या जलनीतींत पिण्याच्या पाण्यामागोमाग उद्योगांस स्थान देऊन शेती तिसऱ्या क्रमांकावर ठेविली होती. तो क्रम २०११ सालीं बदलण्यांत आला. हा क्रम मुंबईंत लिहिला गेला व मुंबईंतच बदलला गेला. सुप्याच्या कुणब्यास रोखा वाचतां येत नव्हता. मावळच्या शेतकऱ्यास वाचतां येत होतें, पण वांटणीचा कागद त्याच्यापुढें वाचावयास ठेवण्याची रीत नव्हती. बऊरच्या घटनेनंतर मात्र योजना कित्येक वर्षें स्थगित राहिली. रस्त्यावर प्राण गेल्याखेरीज ज्या कागदावर फेरविचार होत नाहीं, तो कागदच दंग्याचें बीज होय.

(६)

आमच्या विवेचनावरून कोणी असा समज करून घेईल कीं, जुन्या काळीं सर्व कांहीं गांवांत ठरत असे व म्हणून सर्व सुखी होते. जुने कागद ह्या समजुतीस पुष्टि देत नाहींत. १६३० च्या दुष्काळानें ह्याच प्रांतांत गांवेंच्या गांवें ओस पडलीं. चिंचवडच्या देव घराण्याच्या दप्तरावर लॉरेन्स प्रेस्टन ह्यांनीं १९८९ सालीं लिहिलेला ग्रंथ पाहिला तर इनामाच्या वांटणीवरून होणारे कलह किती दीर्घकाळ चालत हें कळून येईल.

परंतु त्या कागदांत एक गुण होता. दुर्भिक्षानंतर उजाड गांव वसवितांना सरकारांतून कौल दिला जाई व इस्ताव्यानें सारा वर्षावर्षास थोडथोडा चढविला जाई; म्हणजे टंचाई कागदांत मान्य केलेली असे. वतनाचा किंवा शिवेचा वाद गोतसभेंत चाले, आणि महजरावर पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, सुतारलोहारादि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या उमटत. ज्यांस निवाडा पाळावयाचा त्यांच्यासमक्ष तो वाचला जाई. महजरावरची नांगराची निशाणी व १८७० च्या सुमाराच्या रोख्यावरची नांगराची निशाणी दिसावयास एकच; पहिली साक्षीची आहे, दुसरी शरणागतीची. अडीचशें वर्षांत निशाणी तीच राहून तिचा अर्थ कसा पालटला, हा आमच्या मतें ह्या विषयाचा गाभा आहे.

आणि दूरचा कागद सदैव जुलमी व गांवचा निवाडा सदैव न्यायाचा, असेंही नव्हे. महाडचें चवदार तळें भरलेलें होतें, टंचाई नव्हती. गांवच्या रूढीनें अस्पृश्यांस तें बंद होतें. १९२३ चा मुंबई विधिमंडळाचा ठराव बाहेरून आला, आणि त्याच्या आधारें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले. मार त्यांसच खावा लागला. हक्क शाबीत व्हावयास उच्च न्यायालयाच्या १९३७ च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली. येथें गोत हेंच अडसर होतें व सुटका लेखी हक्कानें झाली. ह्यावरून आमचा सिद्धांत थोडा आवरून असा मांडावा लागतो : कागद जवळचा कीं दूरचा हा प्रश्न नाहीं, ज्यांच्यावर तो बसतो त्या सर्वांस, अगदीं शेवटच्या घरासही, तो वाचण्याचा व त्यास आव्हान देण्याचा मार्ग मोकळा आहे कीं नाहीं, हा प्रश्न आहे. तो मार्ग बंद झाला म्हणजे टंचाई असो वा नसो, झगडा येतो. आणि झगडा आला म्हणजे जात, भाषा, प्रांत ह्यांपैकीं जें चिन्ह हातांशीं असेल तें उचललें जातें.

(७)

होमर-डिक्सन ह्यांच्या उपपत्तीविषयीं आमचा निर्णय येणेंप्रमाणें आहे. टंचाईनें माणसें हवालदिल होतात व आधींच्या भेगा रुंदावतात, इतकें त्यांचें म्हणणें ग्राह्य आहे. रचनेची टंचाई म्हणून जो तिसरा प्रकार त्यांनीं मानिला, तोच वस्तुतः पहिला मानावयास हवा होता. तसें न केल्यामुळें त्यांच्या वाचकाचें लक्ष न्यायालय, कचेरी व मंत्रालय सोडून आभाळाकडे व शेजाऱ्याकडे जातें. आमच्या पट्ट्यांत ही चूक परवडणारी नाहीं. कोरड्या नळाचा राग खोलींत दाटीनें राहणाऱ्या परप्रांतीय मजुरावर निघाला, तर वांटणीचा कागद पेटींत सुरक्षित राहील व घर भलत्याचेंच जळेल.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. १८७५ च्या दंग्याचा इतिहास आपण मुख्यतः इंग्रजी अहवालावरून लिहितों. कुणब्यांचें म्हणणें त्यांत सरकारी इंग्रजींतून आपल्यापर्यंत येतें. जळून गेलेले रोखे परत येणार नाहींत. परंतु शिरूर, भीमथडी, पारनेर, श्रीगोंदें ह्या बाजूच्या जुन्या पेढ्यांवर त्या काळच्या खतावण्या, रोजमेळ, हुकूमनाम्यांच्या नकला अजूनही माळ्यावर पडून असण्याचा संभव आहे. मारवाडी व गुजर घराण्यांनीं त्या दाखविण्यास संकोच करूं नये. त्यांच्या पूर्वजांची बाजूही त्याच वह्यांत आहे. तसेंच पवना व भामा-आसखेड ह्या धरणांखालीं ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या घरीं भूसंपादनाच्या नोटिसा, सात-बाराचे उतारे, अर्जांच्या नकला व त्यांवरील शेरे आहेत. हे कागद आज कोणास जुने वाटत नाहींत, म्हणून ते वाळवी खात आहे. मोडी रुमालांस जी आस्था आपण दाखवितों तीच ह्यांस दाखवावी, त्यांच्या याद्या कराव्या, आणि शक्य तेथें नकला उतरून घ्याव्या.

दंगा होऊन गेल्यावर त्याचें कारण सांगणारे पुष्कळ निघतात. वांटणी कोणीं केली ह्याचा पुरावा मात्र जपून ठेविला असेल तरच सांपडतो. तो जपणें हें संशोधकांचें काम आहे, व तें वेळींच व्हावें एवढें सुचवून हें परीक्षण पुरें करितों.